पेन्सिलीचं बारावं टिंब

परळ, मंगळवार, २१ जानेवारी १९५८

एका टिंबाने आज अख्खी संध्याकाळ खाल्ली.

गेल्या आठवड्यात वर्गातली सुलोचना परब इंग्रजी निबंधाची वही देताना म्हणाली, "सर, चुका सुधारून देऊ नका. चूक असेल तिथे नुसतं टिंब द्या. शोधते मी." मी चिडलोच. पंधरा वर्षं लाल शाईने वह्या तपासतोय, ही कोण मला शिकवणार? तर शांतपणे म्हणते, "उद्या ऑफिसात पत्रं लिहीन, तेव्हा तुम्ही थोडेच शेजारी असणार?"

मग काय, दिली टिंबं. निबंध मोर्चाचा होता. घोषणा देऊन आईचा घसा बसला, तरी घरी येऊन ती हातवारे करून भांडतच होती, असं काहीतरी फक्कड. टिंबं झाली अकरा, आणि खाली माझा शेरा.

आज वही परत आली. अकराही चुका तिने स्वतः शोधून दुरुस्त केलेल्या! भोईवाड्यातल्या एका खोलीत, सात माणसांच्या गलक्यात बसून. घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

पण हे बारावं टिंब कुठलं? पेन्सिलीचं, अगदी बारीक, माझ्याच शेऱ्याखाली. मी तर दिलं नव्हतं. शेरा चारदा वाचला, तेव्हा कुठे दिसलं. 'ही वाक्यं पुन्हा लिहा' असं इंग्रजीत लिहिताना 'सेंटेन्स'पुढचा अनेकवचनाचा एस मीच खाल्ला होता!

पोरीने तो घातला नव्हता. नुसतं टिंब दिलं होतं. सर शोधतील, एवढा भरवसा तिला होता.