पेरूच्या आधीचे फोटो

तात्या, तुमच्या वाणाची माणसं अजून संपलेली नाहीत. उलट आता त्यांच्या हातात प्रोजेक्टर आलाय. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. आता बारामतीत माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. कंपन्यांना, डेअरीवाल्यांना, कधी एखाद्या कॉलेजला मी प्रेझेंटेशन तयार करून देते. म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. मोठ्या पडद्यावर एकामागून एक चित्रं लावायची, त्यांना स्लाइड म्हणतात, आणि शेजारी उभं राहून माणसानं आपलं म्हणणं थोडक्यात मांडायचं. हे थोडक्यात मांडणं तुम्हाला उभ्या जन्मात जमलं नाही. तुम्ही शिकवून ठेवलेल्या माणसांना ते अजून जमत नाही, आणि त्यांची उस्तवार करण्यात माझे दिवस जातात.

लासुर्ण्यापासून कळंबपर्यंत शाळेचं गॅदरिंग असो, पतसंस्थेची सभा असो की कुणाची एकसष्टी, माईक तुमच्याच हातात. सूत्रसंचालक म्हणे. काय तो रुबाब. आदल्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापतेय, मी पीठ चाळतेय, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या मधोमध मांडी घालून फरशीवर वाट्या मांडताय. ही अध्यक्षांची, ही उद्घाटकांची, हे माजी सरपंच, त्यांना आजी सरपंचांच्या शेजारी नको, मध्ये डॉक्टर बसवा. वाट्या सरकवत तुम्ही पुटपुटताय, सन्माननीय, आदरणीय, कर्तव्यदक्ष, कुणाला कुठलं लावायचं ते घोकताय. एकदा आईला वाटी कमी पडली. तिनं सरळ माजी सरपंच उचलले आणि त्यांच्यात आमटी वाढली. मी हसले. तुम्ही नाही हसलात. 'आगं, त्यांचा क्रम चुकंल की उद्या,' म्हणालात, आणि आमटी परत पातेल्यात ओतायला लावलीत.

दुसऱ्या दिवशी मग तासभर नुसती नावं. नावं झाली की शाली, शाली झाल्या की फेटे, आणि ज्याला ऐकायला लोक जमलेत त्याला शेवटची पाच मिनिटं. ठिबक सिंचन समजावून सांगायला एक कृषी अधिकारी आले होते, आठवतं? लोक खरंच ऐकायला आले होते. तुमचं स्वागत संपेपर्यंत धारा काढायची वेळ झाली आणि मंडळी उठून चालती झाली. तो बिचारा पाइपचा तुकडा हातात धरून तसाच बसला. घरी येताना तुम्ही मात्र खुशीत, कारण एकही नाव राहिलं नव्हतं. आपल्या घरात नारळ कधी विकत आणावा लागला नाही, आणि शालींचा तर वीट आला होता. खिडकीला शाल, मिक्सरवर शाल, व्यायलेल्या म्हशीच्या पाठीवर शाल. मला पहिली नोकरी लागली तेव्हाही तुम्ही शालच दिलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, आणि पिशवीवर दुसऱ्याच कुणा सत्कारमूर्तीचं नाव चिकटलेलं. 'ते आलंच न्हाईत,' एवढंच म्हणालात. पोरीला नोकरी लागली म्हणून एक साधा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही, आणि परक्या माणसाला कर्तव्यदक्ष म्हणताना तुमचा गळा भरून यायचा.

आणि तो फळा. आठवीत विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी फळा लिहायचं काम मला दिलं होतं. मी फळ्यावर मधोमध मोठ्या अक्षरात 'आपल्या रानातली माती' एवढंच लिहिलं आणि खाली मातीचे थर काढले, काळा, तांबूस, मुरमाड. मला ते फार आवडलं होतं. तुम्ही त्याच शाळेत गुरुजी. वर्गात आलात आणि सगळ्या मुलींदेखत बाहीनं पुसून टाकलंत. 'येवढा मोटा फळा आन् त्यात येक वळ? पाव्हण्यांची नावं कुटं हायती? रिकामा फळा म्हंजी पाव्हण्याचा अपमान.' मग वरपासून खालपर्यंत रंगीत खडूनं नावं लिहिलीत, आणि माती गेली पार खालच्या कोपऱ्यात. प्रदर्शन कशाचं आहे ते मुख्य पाहुण्यांनी शेवटी कानात विचारलं. मला तेव्हाच तुमची कीव आली होती. आठवीतल्या पोरीला बापाची कीव यावी हे काही बरं नव्हे, पण आली.

आता मी ह्याच गोष्टीचे पैसे घेते, म्हणजे फळा रिकामा ठेवायचे. एका स्लाइडवर एकच गोष्ट. अक्षर एवढं की मागच्या रांगेतल्या चष्मेवाल्याला दिसावं. जे तोंडानं सांगायचं ते पडद्यावर लिहायचं नाही, कारण लिहिलं की लोक वाचत बसतात आणि बोलणारा येडा ठरतो. आकडे घालायचेच तर एखादाच, पण असा की समोरच्यानं मान वर करावी. निळ्यावर लाल अक्षर घालायचं नाही, डोळ्यांना त्रास होतो. आणि शेवटी 'धन्यवाद' लिहायचं नाही, आपल्याला समोरच्याकडून काय हवंय ते लिहायचं. इतकं सोपं आहे. पण येणारा प्रत्येक जण स्क्रीनकडं बघून म्हणतो, 'मॅडम, लय मोकळं मोकळं दिसतंय, कायतरी टाका की.' एका डेअरीवाल्यानं दुधाच्या दराच्या तक्त्यावर फुलपाखरं उडवायला सांगितली होती. एका शाळावाल्यानं सुरुवातीच्या सगळ्या स्लाइडवर संस्थापकांचंच घराणं मागितलं, आजोबा, वडील, चुलते, सगळे. मी ह्या लोकांना मनातल्या मनात तुमचे विद्यार्थी म्हणते. त्यातले निम्मे खरोखरच आहेत.

दादानं आपल्या रानातला ऊस मोडून पेरू लावलाय, हे तुम्हाला ठाऊक नाही. कळंबच्या आसपासच्या अशाच काही जणांनी मिळून शेतकऱ्यांची कंपनी काढली. पेरू बाजारात एकदम आला की तोडणीचा खर्चही सुटत नाही, म्हणून पेरूचा गर काढणारी एक मोठी कंपनी त्यांना गाठायची होती. तिनं माल घ्यायचा करार केला तर बागा राहणार होत्या, नाही तर दादा झाडं काढून पुन्हा ऊस लावणार होता. वहिनीचा फोन आला. 'वन्सं, झाडांना लय जीव लावलाय ह्यांनी. तुमी तेवढं चांगलं करून द्या.' गरवाल्या कंपनीची माणसं बारामतीत एका हॉटेलच्या हॉलवर येणार होती. आणखीही गट बोलावले होते, आणि प्रत्येकाला वीस मिनिटं.

मी जीव ओतून केलं, तात्या. पहिल्या स्लाइडवर पडदाभर कापलेला पेरू, आतून गुलाबी, दुसरं काही नाही. मग बागेपासून हमरस्त्यापर्यंतचा नकाशा. मग कुठल्या महिन्यात कुणाच्या बागेला फळ येणार, म्हणजे माल मध्येच तुटणार नाही हे एका नजरेत दिसावं. शेवटी एवढंच, की आमच्या बागेत एकदा या. दादाच्या कंपनीच्या चेअरमननी ते बघितलं. चेअरमन म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेला, बाकावर उभा राहायचा तो. म्हणाला, 'समदं झॅक हाय. पर आमी कुटं हाव ह्यात?' मी म्हटलं, तुम्ही शेजारी उभे असणार ना, जिवंत. 'तसं न्हवं. पेरू कुणाचा हाय ते कळाया नगो का?' शेवटी कंटाळून मी सगळ्या संचालकांचे फोटो एका स्लाइडवर, अगदी शेवटी घातले. तर उपाध्यक्ष पट्टी घेऊन ऑफिसात आले. खोटं नाही सांगत. स्क्रीनला पट्टी लावून म्हणाले, 'चेअरमनचं तोंड माझ्यापरीस मोटं काडलंय तुमी.' मी त्यांना हात जोडले आणि दरवाजा दाखवला. मंडळी फाइल घेऊन गेली ती थेट फ्लेक्स छापणाऱ्याकडं. तिथं त्यांनी ती आपल्या मनासारखी करून घेतली. मला ते हॉलमध्ये पडदा उजळल्यावर कळलं.

लॅपटॉपपाशी मी, माईक चेअरमनच्या हातात. पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, मधोमध 'हार्दिक स्वागत', आणि मग सुरू झालं. आधी मोठे नेते, मग मधले नेते, मग संचालक, एकेकाला एकेक स्लाइड, भोवती सोनेरी चौकट. चेअरमन प्रत्येकाचं नाव पदासकट वाचतोय. सन्माननीय, आदरणीय, कर्तव्यदक्ष. दम घ्यायला थांबायचा तोसुद्धा तुमच्याच जागी. समोर पुण्याहून आलेल्या खरेदीच्या बाई बसलेल्या. आधी त्या हसून ऐकत होत्या, मग पेनाचं टोपण उघडमीट करायला लागल्या, मग शेजारच्याशी बोलायला लागल्या. ज्याचा फोटो येईल तो संचालक खुर्चीतून उठून बाईंना नमस्कार करायचा. पेरूचा पत्ता नाही. मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की वाटलं उठावं आणि घरी जावं. पण दादा खाली टेम्पोपाशी नमुन्याचे क्रेट उतरवत होता, धुतलेला शर्ट घालून. शेवटी बाईच म्हणाल्या, 'साहेब, पाच मिनिटं राहिलीत. मालाबद्दल काही सांगणार आहात का?' 'व्हय व्हय, येतंयच आता,' म्हणून चेअरमननी पुढचं नाव घेतलं.

मी उठले आणि त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. आपल्याकडं बाईमाणसानं असं करायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी पुढची स्लाइड लावली, आणि पडद्यावर तुम्ही आलात. हातात माईक, तोंड उघडं, कुठल्या तरी सभेतला फोटो, आणि तोही आडवा ताणून बसवलेला, त्यामुळं गाल फुगलेले. खाली लिहिलं होतं, 'आमचे प्रेरणास्थान'. कशाचे? पेरूच्या झाडाला खत कुठून घालतात ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी बटण दाबलं आणि कापलेला पेरू आला. बाईंनी टोपण मिटलं आणि खुर्ची पुढं ओढली. नकाशा झाला, महिने झाले. त्यांनी मध्येच विचारलं, उन्हाळ्यात माल तुटतो का, आणि मी बोटानं दाखवलं. दादा क्रेट घेऊन वर आला तेव्हा बाईंनी स्वतः पेरू कापून फोड खाल्ली. पुढच्याच आठवड्यात त्यांची माणसं बागेत येऊन गेली, आणि करार झाला. माझ्या पाच मिनिटांत झाला, तुमच्या पंधरा मिनिटांत नाही, हे लक्षात ठेवा. संचालकांनी मला चहालासुद्धा विचारलं नाही. चेअरमन तर माघारी म्हणाला, 'गुरुजींची लेक आसून रीतभात न्हाय.'

करारावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी दादा पेढे घेऊन ऑफिसात आला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'त्या दिवशी तात्यांचा फटू लागला व्हता न्हवं? मीच टाकाय लावल्याला. समद्यांची नावं घेतली तात्यांनी, म्हटलं एकदा त्यांचं बी लोकांपुढं येऊ दे. आन् मी नेमका टेम्पोपाशी.' लागला होता, मी म्हणाले. 'बाईनी इचारलं आसंल, कोण म्हनून.' विचारलं की. 'मग?' मग काय, सांगितलं. दादानं डोळे पुसले आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

हे पत्र तुमच्या फोटोमागंसुद्धा ठेवणार नाही, दादाच्या हाती लागेल. तुमची खरडपट्टी काढायला बसले होते, ती काढली, आणि त्यातला एक शब्द मागं घेत नाही. फक्त दादाला मी अर्धंच सांगितलं. बटण दाबायच्या आधी बाईंनी खरंच विचारलं होतं, अगदी आपुलकीनं, 'हे कोण?' तुमच्या सभांमध्ये तुमचं नाव घ्यायची पाळी शेवटी आभारप्रदर्शनात यायची, आणि तोवर लोक चपला शोधत असायचे. त्या दिवशी सगळा हॉल ऐकत होता आणि माईक माझ्या हातात होता. 'कोणी नाही, मॅडम,' मी म्हणाले, आणि पेरू लावला.