भात निवला जी!

जलालुद्दीनभाऊंना वारलूचा जोहार आणि सलाम, दोन्ही. आवडेल तो घ्या, उरलेला नजमाभाभींना द्या. गुडघा कसा आहे? बल्लारपूरचं टेप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालू आहे ना? (टेप घेऊन कुणी येतं का अजून, की मीच शेवटचा?) इकडे कुरखेड्याकडे सगळ्यांचं बरं आहे, माझं सोडून.

आठवतं ना, माकडं माझी तूर खात होती, तेव्हा तुम्हीच मचाणाखाली बसून माझं ओरडणं कॅसेटवर भरून दिलं होतं? मी सूर लावून हाकलतो. त्या सुराचं काय होतं ते माकडांना विचारा. दहा वर्षं कॅसेट भोंग्यावर वाजली आणि शेताच्या धुऱ्यावर एक शेपूट फिरकलं नाही. मग मागच्या उन्हाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला एक पाहुणा आला आणि पक्षी सोडून माझी कॅसेटच मोबाइलमध्ये भरून घेऊन गेला. (वरून मी त्याला चहा पाजला.)

आता मुंबईच्या एका मोठ्या गायकाने तिचं गाणं केलं आहे. खाली ढोल, वर माझं ‘हुर्रर्र’ आणि टेपची खरखर जशीच्या तशी. ती खरखर म्हणे फार अस्सल आहे. अहो, ती तुमच्या टेपमधली धूळ होती! गाण्याखाली नाव काय, तर ‘पारंपरिक’. माझ्याकडे रेशनकार्ड आहे, दोन दात सोडले तर मी सगळा शाबूत आहे. पारंपरिक कधी झालो ते मला कुणी कळवलं नाही. त्यात हे गाणं आता प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजतं, त्यामुळे माकडांची भीती पार मोडली.

तेही सोसलं असतं. पण तुम्ही आवाज भरलात त्या दिवशी मला जेवायला बोलवायला आलेल्या बायकोची, बुधरीची हाकही कॅसेटवर भरली गेली होती: “भात निवला जी! येता का नाई?” गायकाने ती सोळा वेळा फिरवली आहे. (फोनच केला असता, पण तुमच्या फोनवर कॉलर ट्यून म्हणून तेच लागतं.) पुतण्याच्या, निकेशच्या लग्नात ते डीजेवर लागलं. अख्खा मांडव नाचला, माझी बायको मात्र बोटांवर मोजत उभी. मग म्हणाली, “सोळा खेपा बोलावलं मी. एक खेप तरी ‘आलो’ म्हनलं का तुमी? घरी नाई, गान्यात बी नाई!” मी म्हटलं, “म्हनलो होतो वो, गायकानं कापलं!” तिने ऐकलं नाही, मांडवातूनच माहेरी गेली. आज नववा दिवस. फार वाईट वाटतं, भाऊ. भात मीच शिजवतो, गरम असतानाच खातो, तरी गोड लागत नाही.

आपला,
वारलू (पारंपरिक)

ता. क. माझी कॅसेट टेपने चावून टाकली. तुमच्याकडची नक्कल ऐकून सांगा, मी ‘आलो’ म्हटलं होतं ना?

दुसरा ता. क. म्हटलं नसेल, तर आता म्हणून पाठवतो. तेवढं मध्ये जोडा. थोडी धूळ टाका, म्हणजे अस्सल वाटेल.

तिसरा ता. क. राहू द्या. पत्र पेटीत टाकून मी सरळ तिच्या माहेरच्या अंगणात जातो आणि तिथूनच ओरडतो, ‘आलो!’ तुम्ही फक्त दोन दिवस माझ्या मचाणावर येऊन गा. तुमचा आवाज माझ्याहून वाईट आहे, आणि माकडांनी तो अजून ऐकलेला नाही.