निस्ते नंबर

बाई, परवा मी तुमची गोष्ट माझी म्हणून सांगितली. परभणीहून एक मुलगी आली होती, पंचविशीतली, खांद्याला पिशवी, बोलायला चटपटीत. फोनमधून माणसांवर नजर कशी ठेवली जाते, ते ती आणि तिचे सोबती गावोगाव सभा घेऊन सांगतात, त्याविरुद्ध भांडतात. त्यांना जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं कुणीतरी हवं होतं, आणि कुणी माझं नाव सुचवलं. आधी तिनं विचारलं, "काकू, रेकॉर्ड करू का? नको असेल तर नाही करत." मी म्हटलं, कर. आणि मग नामांतराच्या दिवसांत हवालदार ट्रंक कॉलची तिकिटं मागायला आला, तेव्हा त्याला दारातून परत पाठवणारी ऑपरेटर मीच, असं बिनदिक्कत सांगून मोकळी झाले. रविवारच्या सभेत ते सगळ्यांना ऐकवणार आहेत. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, आज अजिबात नाही.

तुम्ही देवाघरी जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तरी अजून कुणाचं बोलणं चुकून कानावर आलं की मी आधी तुम्हाला घाबरते. तालुक्याच्या त्या एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, नुकतं लग्न झालेली. पोस्टाच्या मागची ती खोली, एक बोर्ड, दोन खुर्च्या, आणि तुम्ही इन्चार्ज. सोनपेठ, गंगाखेड, परभणी, औरंगाबाद, सगळ्या लाइनी आपल्या हातातून जायच्या. ट्रंक कॉल जोडला की तिकिटावर लिहायचं, कुठल्या नंबरावरून, कुठल्या नंबराला, किती वाजता, किती मिनिटं. दिवसभराची तिकिटं दोऱ्यानं बांधून दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसला धाडायची. जोडणी झाली की "बोला" म्हणायचं आणि की, म्हणजे बोर्डावरचा खटका, बंद करायची, मग आपल्याला काही ऐकू येत नाही. दुसरीकडच्या बायका की उघडी ठेवून अख्ख्या गावाच्या भानगडी ऐकायच्या. तुम्ही मात्र की बंद करून मांडीवर सुपात मेथी घेऊन निवडत बसायच्या, एक डोळा बोर्डावरच्या दिव्यावर.

मी एकदा ऐकलं होतं. आडत्याच्या मुलीची सोयरीक मोडली, ते मी तुम्हाला हसत हसत सांगायला आले. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. "कुनाच्या घरात पडदा सारून डोकावतीस का गं? मंग तारेतून कशापायी डोकावायलीस? ती मान्सं आपल्या भरवशावर बोलायलीत." दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. तिसऱ्या दिवशी डब्यातली मेथीची भाजी पुढे सरकवलीत. मी ती खाल्ली.

मग ते दिवस आले. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत घरं जळाली होती, माणसं पळाली होती, आणि दोन वर्षं झाली तरी कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता. वस्तीतले एक मास्तर संध्याकाळी पाचच्या सुमारास पोस्टात येऊन औरंगाबादला कॉल लावायचे. मोर्चाची तयारी चालली होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोर्चा काढणं, त्यासाठी माणसं जोडणं, यात कसला गुन्हा? पण एक दिवस हवालदार आपल्या दारात उभा राहिला. मी बोर्डावर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, बोलनं नको आमाला. निस्ते नंबर पायजेत. मास्तर कुनाला फोन लावायलाय, तेवढंच."

"लेखी हाय का?"

"वरून सांगितलंय."

"मंग वरूनच कागद घिऊन या. त्याबिगर एक तिकीट बी भायेर जानार न्हाई."

तो हसला, काही तरी पुटपुटला, आणि गेला. तुम्ही परत येऊन बसलात. मला तेव्हा वाटलं, एवढ्या साध्या गोष्टीला बाई कशाला ताणतायत. नंबर म्हणजे काय, आकडेच तर आहेत.

दोन दिवसांनी दुपारी तुम्ही दवाखान्यात गेला होतात, तुमच्या सासूबाईंना घेऊन. एक्स्चेंजमध्ये मी एकटी. हवालदार आला तो थेट बसलाच. म्हणाला, "तू पेडगावची ना? मी बी तिकडलाच. माहेरचं मानूस समज मला." बाई, तुम्हाला माहीत आहे, सासरी राहणाऱ्या बाईला माहेरच्या वाटेवरून कुत्रं आलं तरी भाकरी टाकावीशी वाटते. मी त्याला पाणी दिलं, चहा सांगितला. माझ्या बापाला तो ओळखत होता, विहिरीवरच्या आमच्या चिंचेपर्यंत सगळं बोलला. मग म्हणाला, "बहिनी, दहा मिन्टं बघू दे, हितंच बसून." मी तिकिटांचा गठ्ठा सोडून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं वहीत उतरवून घेतलं, गठ्ठा नीट होता तसा बांधला, आणि गेला.

मास्तर पोस्टात कधी येतात हे समोरच्या टपरीवरूनही दिसत होतं. फोन कुणाला लावतात, तेवढंच काय ते तिकिटावर होतं. चार दिवसांनी त्यांना शाळेतून उचललं, पोरांसमोर. औरंगाबादला ज्या खोलीवर फोन जायचा तिथली तीन मुलंही त्याच दिवशी धरली, त्यांतल्या एकाची परीक्षा तोंडावर होती. त्यांच्या बोलण्यातला एक शब्दही कुणी ऐकला नव्हता. मास्तर पंधरा दिवसांनी सुटले. पुन्हा कधी ते पोस्टाच्या पायरीवर दिसले नाहीत.

वस्तीतली माणसं विचारायला आली, बातमी तुमच्या खोलीतूनच फुटली म्हणाली. खरंच होतं ते. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "इन्चार्ज मी हाय. जबाबदारी माझी." त्यांनी वर तक्रार केली आणि तुमची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, अंथरुणाला खिळलेल्या सासूसकट. त्या दुपारी ड्यूटी कुणाची होती, तो तक्ता तुमच्याच अक्षरात भिंतीवर होता. तुम्ही तो बघितला असणारच. मग मला एका शब्दानं का नाही बोललात? आडत्याच्या मुलीसाठी दोन दिवस अबोला धरलात, आणि या वेळी काहीच नाही? मला तुमचा राग येतो बाई, अजून येतो. दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर मी निदान झोपले असते.

आता माझा मुलगा म्हणतो, "आई, कोण कुणाला फोन करतं एवढंच तर बघतात, बोलणं कुठं ऐकतात? आपल्याला काय लपवायचंय?" त्याला सांगायला लागले की मधेच गठ्ठ्याचा दोरा सोडणारे माझे हात येतात.

म्हणून आज सकाळी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, ते रेकॉर्डिंग सभेत लावू नकोस. परत पाठवणारी मी नव्हे, त्या माझ्या बाई होत्या. तिकिटं मी दिली. ती म्हणाली, "काकू, हे सांगायला पण हिंमत लागते. सभेत तुम्ही स्वतः बोलाल?" मी हो म्हटलं, येते म्हटलं. मग तिनं विचारलं, "त्यानं तुम्हाला धमकी दिली होती का?"

मी म्हटलं, हो, दिली होती.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. त्यानं धमकी दिली नव्हती, बाई. मला बहिनी म्हणाला होता, एवढंच.