आरशाचं दुसरं टोक

सन्माननीय व्याही यांना,

नमस्कार. आपले गुडघे आणि विहीणबाईंचा खोकला, दोन्ही आता हुकमात असतील असं धरून चालतो. आम्ही सगळे धडधाकट आहोत (माझा उजवा खांदा सोडून, आणि त्याचीच हकीकत सांगायला बसलोय).

‘एवढं शिकवलं ते पुरुषांच्या दाढ्या करायला का?’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, तेव्हापासून सूनबाई तुमचा विषय काढत नाही. मी काढला की ती सलूनच्या खुर्च्या पुसायला लागते. खुर्च्या लख्ख झाल्यात, पण मला काही ते बघवत नाही. म्हणून तुम्ही रागावलात तरी चालेल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

सलून उघडायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आरसा काचवाल्याकडे तयार होता. पुरुषभर उंच, चौकट मी स्वतः केलेली (सागवानी, हात फिरवून बघावी अशी). टेम्पोवाला म्हणाला, आडवा टाका. मी म्हटलं, काच उभीच जाईल. तो म्हणाला, मग मीही उभाच राहतो, आणि उभा राहायचं सोडून निघून गेला. मग मी एक टोक धरलं. काचवाल्याच्या माणसाने दुसरं धरलं, पण कोपऱ्यापर्यंतच, कारण त्याचं दुकान उघडं होतं. तिथे त्याने एका पोस्टमनला हाक मारली आणि न विचारता टोक त्याच्या हातात दिलं. आणि तो भला माणूस, न विचारता चालायला लागला!

व्याही, मी कुणाकडेही मदत मागितली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. वळण आलं की दुसरं टोक धरणाराच पुढचा माणूस हेरायचा. माझं काम एवढंच, की आरसा कुणाचा ते सांगायचं. सूनबाईचं सलून, ती बाप्यांचेही केस कापते, आणि तिचे वडील हेडमास्तर होते. (हो, तुमची ओळख मी भर रस्त्यात दिली. तुमची परवानगी घ्यायला वेळ नव्हता.)

‘हेडमास्तरांची मुलगी?’ पोस्टमन म्हणाला. ‘मग भांग सरळच पडणार!’

चौकात ट्रॅफिक हवालदाराने दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. आमच्यासाठी थांबवल्या असं मी समजलो. बघतो तर स्वारी आरशासमोर उभी राहून मिशी नीट करतेय. गाडीवाले हॉर्न वाजवून थकले, मग तेही आरशात डोकावायला लागले. पुढे बेकरीपाशी पोस्टमनची गल्ली आली, तिथे आरसा भिंतीला टेकवून मी दम खाल्ला, तर रात्रपाळी करून घरी निघालेली एक नर्स समोर थबकली. स्वतःकडे बघून म्हणाली, ‘अगं बाई! ही मी का?’ मी म्हटलं, उद्या या, आमची सूनबाई बघेल. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि टोक उचललं. इतकी दमलेली बाई, पण थेट दारापर्यंत आली.

सूनबाई दार झाडत होती. तिला मी दिसलोच नाही. समोरून चार पायांचा आरसा येतोय, आणि त्यात ती स्वतः, मागे तिचं दुकान, वर तिच्या नावाची पाटी. झाडू हातात तसाच. म्हणाली, ‘आबा, टेम्पो कुठाय?’ आणि डोळ्यांत कचरा गेल्यासारखी आत पळाली.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक नर्स. मग पोस्टमन, भावाला घेऊन. दुपारी हवालदार आला आणि ‘मिशीला हात लावायचा नाही’ असं बजावून बसला. सूनबाईचा हात असा चालतो की बघत राहावं. खुर्चीत बसलेला माणूस गप्पांच्या नादात मान सैल सोडतो, एवढा त्याला विश्वास वाटतो. माझी छाती फुगून शर्टाचं एक बटण गेलं.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
सूनबाईचा सासरा

ता. क. काचवाल्याकडे अजून एक आरसा तयार आहे. रविवारी आणायचाय. टेम्पो सांगितलेला नाही. एक टोक माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरं टोक कोण धरणार, असं सूनबाईने विचारलं. मी खांदे उडवले (डावा नीट उडाला).

ता. क. येताना दाढी करून येऊ नका.