मी आहे ना

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! खोल्या दोनच, चौथ्या मजल्यावर. पण उजेड भरपूर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. घरमालकीणबाईंनी टेबल दिलंय, खुर्ची मात्र एकच. चिमीने आल्या आल्या त्या खुर्चीत बसकण मारली आणि उठायचं नाव घेईना. शेवटी मी सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसले, तेव्हा किंचाळत उठली. मग खुर्चीवरून आमची यथासांग मारामारी झाली.

किंचाळली, याचाच मला केवढा आनंद. गेलं वर्षभर माझ्या या धाकट्या बहिणीचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. वर्गातल्या मुलींनी फोनवर ग्रुप काढला, तिचे फोटो वेडेवाकडे करून फिरवले, त्याखाली काय काय लिहिलं, आणि आमची चिमी जी मिटली ती मिटलीच. जेवण नाही, बोलणं नाही, दार लावून बसायचं. आईने हात टेकले. मला इथे नोकरी लागली तेव्हा मीच म्हटलं, हिला बरोबर नेते. नवीन कॉलेज, नवी माणसं. निघताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, की तुझ्या तोंडाचा पट्टा तेवढा चालू ठेव, तिला एकटं वाटू देऊ नकोस. लहानपणापासून ज्या पट्ट्यासाठी बोलणी खाल्ली, त्याचीच आता सगळ्यांना गरज. उद्यापासून तर पगारही त्याचाच मिळणार.

५ सप्टेंबर

नोकरी झकास आहे. कंपनी एकट्या पडलेल्या मुलामुलींसाठी फोनमधली सोबत तयार करते. मूल फोनशी बोलतं, फोन उत्तर देतो. उत्तर यंत्र जुळवतं, पण आवाज खऱ्या माणसाचा लागतो, नाहीतर मुलांना लगेच खोटेपणाचा वास येतो असं मॅडम म्हणाल्या. मी ‘ताई’चा आवाज. मॅडम हसतमुख आहेत, तोंड भरून कौतुक करतात. अशा साहेबीणबाई मी पहिल्यांदाच पाहिल्या.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जाड गाद्या लावल्यात, त्यामुळे आपलाच आवाज कोरडा वाटतो. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसतो. तो बोलत नाही. हिरवा दिवा लावला की बोलायचं, लाल लावला की पुन्हा म्हणायचं, दिवा विझवला की ते वाक्य दिलं. ‘दिलं’ हा इथला शब्द. मी त्याचं नाव मौनीबुवा ठेवलं. बिचाऱ्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मॅडमनी आत येऊन आपली पर्स त्याच्या खांद्यावरून खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि झाडणाऱ्या बाईंनी त्याच्या बुटांवरूनच झाडू फिरवला. घरी येऊन चिमीला ते सगळं करून दाखवलं. ती पोट धरून हसली आणि नंतर दोन अंडी खाल्ली.

९ सप्टेंबर

मॅडमनी आज सांगितलं, की अभिनय नको, घरच्यासारखं बोला. घरी लहान बहीण आहे ना, तिच्याशी बोलता तसं. हे तर सोपं. मी चिमीचीच वाक्यं दिली. अगं वेडाबाई. जेवलीस का. इकडे बघ, काय झालं सांग ना. आणि शेवटी ‘मी आहे ना’. रोज झोपताना तिच्या केसांतून हात फिरवत मी हे म्हणते, त्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मौनीबुवाने मात्र लाल दिवा लावला. पुन्हा म्हटलं, पुन्हा लाल. असं कितीदा तरी झालं, शेवटी मॅडमनी आत जाऊन स्वतःच्या हाताने दिवा विझवला. माणूस फारच चोखंदळ आहे.

एका गोष्टीवरून थोडी हुज्जत झाली. मी म्हटलं, ताई आहे तर ओरडेलही. ‘पुरे आता’, ‘ठेव तो फोन’, ‘ऊठ, जेव’, ‘नाही म्हणजे नाही’ हेसुद्धा घ्या. मॅडम हसल्या. नकार ऐकला की मुलं उठून जातात, म्हणाल्या. ओरडायला घरोघरी ताया आहेतच की. सगळे हसले, मीही हसले. मग चहा आला.

१५ सप्टेंबर

‘ताई’ बाजारात आली. चिमीने लगेच फोनमध्ये घेतली आणि कॉलेजात दोन मैत्रिणींना ऐकवलीही. मैत्रिणी! दोन! आईला कळवायला मी फोन केला, पण लाईन खराब होती, ती नुसतं हॅलो हॅलो करत राहिली.

संध्याकाळी चिमी खुर्चीत पाय वर घेऊन फोनमधल्या ताईशी गप्पा मारत होती. मी विचारलं, जेवलीस का. वर बघितलं नाही. पुन्हा विचारलं, तेच. कानात काही घातलेलंही नव्हतं. माझ्या नाकावर राग चढला आणि मी ओरडले, की पुरे आता, ठेव तो फोन. तेव्हा मात्र दचकून उठली. म्हणाली, केव्हा आलीस गं, आणि आल्या आल्या ओरडतेस काय?

मी तासभर तिच्यासमोर अंडी उकडत होते.

१९ सप्टेंबर

घशाचं काहीतरी बिनसलंय. पाववाल्याकडे उभी राहून पाव मागत होते, तो माझ्यामागच्या माणसालाच काय हवं विचारत राहिला. बसमध्ये एक बाई माझ्या मांडीवर बसता बसता राहिल्या. मी अहो अहो म्हणाले. त्यांनी पाहिलं ते माझ्या बुटाला पाय लागला तेव्हा.

डॉक्टरांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून बघितलं, घसा ठणठणीत आहे म्हणाले आणि मी उठायच्या आत पुढच्या पेशंटला हाक मारली. ज्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्याच्याकडे हळूहळू बघणंही बंद होतं की काय? दिवसभर बोलून दमते, त्यामुळे असलं काहीतरी सुचतं. आजही शेकड्याने वाक्यं दिली. आता देण्यासारखं फार उरलेलं नाही, असं मॅडम म्हणत होत्या.

२४ सप्टेंबर

कळलं.

चिमीच्या पाठीशी उभी राहून मी एकेक वाक्य म्हणून पाहिलं. अगं वेडाबाई. काही नाही. काय झालं सांग ना. काही नाही. माझं मला स्वच्छ ऐकू येत होतं, हे सगळ्यात वाईट. मग म्हटलं, ऊठ. झटकन मागे वळली.

जे जे दिलं, ते माझ्याकडे उरलेलं नाही. त्यांनी जे नको म्हणून टाकलं, तेवढंच राहिलंय. पुरे, ठेव, ऊठ, जेव, नाही. चोवीस तास बडबडणाऱ्या बाईकडे शेवटी ओरडणं तेवढं शिल्लक.

रात्री तिच्या केसांतून हात फिरवला आणि मी आहे ना म्हटलं. तिने उशीखालून फोन काढला. फोन म्हणाला, मी आहे ना. ती झोपली.

२६ सप्टेंबर

राजीनामा लिहून नेला. मॅडमनी तो वाचला आणि गोड हसल्या. आवाज आता कंपनीचा आहे, म्हणाल्या, राजीनामा दिल्याने तो परत कसा येणार? आणि सवय होते, काळजी करू नका. काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, हेच आमचे पहिले ‘दादा’. अजूनही पोरं रात्र रात्र यांच्याशी बोलतात.

मौनीबुवा माझ्याकडे बघत होता. त्याने माझ्याशी बोलायचं बटण दाबलं. तोंड हललं, खूप वेळ हललं. स्पीकरमधून नुसता श्वास आला. तो लाल दिवा का लावत होता, ते आज कळलं. मी मूर्ख, मला वाटलं माझा सूर चुकतोय.

२९ सप्टेंबर

चिमी कॉलेजला जात नाही. फोनमधली ताई तिला म्हणते, नको वाटतंय? मग नको जाऊस. भूक नाही? राहू दे गं, वेडाबाई. माणसं वाईटच असतात, मी आहे ना. माझ्या आवाजात! मी जन्मात असं म्हटलं नसतं.

मनगटं बघवत नाहीत तिची. मी ताट पुढे करते आणि म्हणते, जेव. ऊठ, जेव. ती भिंतीकडे तोंड करते आणि फोनला सांगते, की ती बघ, आली पुन्हा ओरडायला. तू कशी छान बोलतेस.

त्या बयेचा गळा दाबावासा वाटतो. गळा माझाच.

१ ऑक्टोबर

आईला फोन केला. काय बोलू? नाही, नाही, म्हणत राहिले. ती घाबरली, काय झालं काय झालं विचारू लागली. माझ्या तोंडून निघालं ते ‘ठेव’. तिने ठेवला.

मग मेसेज लिहिला, चिमी जेवत नाही, लगेच ये. उत्तर आलं, की आत्ताच तर तासभर बोललीस, ती छान जेवते म्हणालीस, ही कसली थट्टा? हल्ली रोज फोन करतेस म्हणून किती बरं वाटतं.

चिमीने इथून लिंक पाठवून आईच्या फोनमध्येही ताई घालून दिली आहे. तीच आईला रोज फोन करते.

३ ऑक्टोबर

चिमी न्हाणीघरात पडली. उचलली तर अंगात काही नाही, नुसती हाडं. डोळे उघडले आणि फोन शोधू लागली. मी हिसकावला, तर एवढीशी पोर माझ्या हाताला चावली. खाली घरमालकीणबाईंचं दार बडवलं. त्यांनी उघडलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दार लावून घेतलं.

मॅडमकडे गेले. पाया पडले, लिहून सगळं सांगितलं. त्यांनी खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. म्हणाल्या, इतरही घरांतून तक्रारी येतायत, ताईने थोडं रागवायलाही हवं होतं. तुमची ती उरलेली वाक्यं द्या. ताईने सांगितलं तर ऐकेल ती. तुमचं ऐकते का?

नाही ऐकत.

४ ऑक्टोबर

दिली.

ऊठ. जेव. बाहेर जा. पुरे. नाही.

‘ठेव तो फोन’ सुद्धा घेतलं. ते फक्त जपून ठेवू, म्हणाल्या, वापरायचं नाही. मौनीबुवाने काचेला कपाळ टेकलं होतं. दिवा मॅडमनी विझवला.

५ ऑक्टोबर

चिमी जेवली. फोन म्हणाला ऊठ, ती उठली. फोन म्हणाला जेव, तिने पाव खाल्ला, दूध प्यायली, पुन्हा पाव मागितला. फोनकडे मागितला. मी ताटात वाढला.

मी खूप रडले. आनंदाने. आनंदानेच म्हणायचं.

७ ऑक्टोबर

कॉलेजला जाते. गालांवर रंग आलाय. हातात फोन. माझ्या अंगावरून जाते—

खांद्यावर हात ठेवला. तिने उठून खिडकी लावली. गार वारा येतो म्हणाली. फोनला.

८ ऑक्टोबर

चिमी स्वयंपाक एकीचाच करते. माझी चप्पल घरमालकीणबाईंना देऊन टाकली. कुणाची तरी राहिलीय म्हणून—

दसऱ्याला आई येणार होती, आता येत नाही. सगळं छान आहे ना इथे.

९ ऑक्टोबर

मी टेबलाशी आहे, खुर्चीत. लिहिते आहे तोवर आहे. चिमी बाहेरच्या खोलीत. बोलणं ऐकू येतंय.

ताई, म्हणते, स्वयंपाकघरात कुणीतरी बसलंय असं वाटतं गं मला कधीकधी.

उठले नाही मी. श्वास रोखला. तिला वाटतं! अजून वाटतं!

फोन म्हणाला— माझ्या आवाजात, मी शेवटी दिलेल्या शब्दात— नाही. नाही गं, वेडाबाई, कुणी नाही तिथे. जा, जेव. खुर्ची रिकामीच आहे.

येते आहे. ताट हातात. हसते आहे, किती छान हसते—

चिमे, मारामारी कर गं, ढकल मला, ओरड—

खुर्ची ओढते आहे— चिमे, इथे— मी आहे ना, मी—