सहभागी क्रमांक सात

१२ जून

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे?

आमच्या संस्थेत सध्या मोजणी चालू आहे. साथीच्या दोन वर्षांत देशातल्या सामाजिक शास्त्रांच्या नियतकालिकांत कुणाचे किती पेपर छापून आले, त्याचा तक्ता माझ्या गळ्यात पडलाय. पुरुषांचे आकडे चढलेत, बायकांचे धाडकन खाली. कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. माझ्या नावापुढे शून्य आहे, तुझ्या नावापुढे अकरा. माझा अर्धवट पेपर अजून आईच्या औषधांच्या पिशवीखाली पडलाय.

अभिनंदन करावं म्हणून तुझा नववा पेपर उघडला. घरातल्या आजारी वृद्धांवरचा. 'सहभागी क्रमांक सात, वय एक्याऐंशी.' आणि पुढे तिचं वाक्य: "मला उचलून तुझी कंबर मोडेल गं, त्यापेक्षा खालीच झोपव मला."

दादा, ही आपली आई आहे.

दर रविवारी तू फोन करायचास आणि मी मूर्खासारखी तासभर सगळं सांगत बसायचे. कुणाला तरी विचारावंसं वाटतंय, एवढ्यावर मी आठवडा काढायचे. आणि तू टिपणं काढत होतास! 'सर्व सहभागींची संमती घेतली' असं छापलंयस. कधी घेतलीस रे? आईला फोन देते म्हटलं की तुला मीटिंग असायची.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आई जायच्या आधीच्या आठवड्यात रोज विचारायची, "आज तरी बोलेल का तो?" मी म्हणायचे, "तो लिहितोय आई, मोठं काम आहे." मग ती आवाज खाली आणायची, जणू तू शेजारच्याच खोलीत लिहीत बसलायस. तुझ्यासाठी आपण खोटं बोलतोय, असं मला वाटायचं. पण तू खरंच लिहीत होतास, तिच्यावरच. याचाच जास्त संताप येतो.

तुझी बढती या अकरा पेपरांवर आहे, ठाऊक आहे मला. अडली तर अडू दे. सोमवारपर्यंत तो पेपर मागे घे. नाहीतर संपादकांना लिहिलेलं पत्र सहीसकट तयार आहे.

पेपरात तू मला जे म्हटलंयस, तेच खाली लिहिते. 'तुझी धाकटी बहीण' असं लिहायला आज हात उचलत नाही.

अविवाहित मुलगी, वय त्रेचाळीस,
'काळजी घेण्यास घरी उपलब्ध'