गोड वासाची माती

४ मार्च, मंगळवार

सुनावणीला समोर तोच बसला होता! कारखान्याच्या बाजूला, त्यांच्या वकिलाला खेटून. चष्मा नवा, खाकरणं जुनंच. दूषित माती आणि जमिनीखालचं पाणी साफ करणारे तज्ज्ञ आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातून कारखान्याला नेमका माझा माजी नवरा मिळाला.

मी खालच्या गल्लीच्या बाजूने. गल्लीतल्या विहिरींच्या पाण्यात विषारी रसायन सापडलंय. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल धुवायला वापरतात ते. वर चढावर यांचा कारखाना, खाली विहिरी. पाणी उताराने वाहतं. शेंबड्या पोरालाही कळेल.

याला कळत नाही. उभा राहून म्हणतो कसा, "हे कारखान्याच्याही वरून कुठून तरी येतंय. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका."

कारखाना आणि संन्यासी!

माझ्या मागच्या खुर्चीवर लॉन्ड्रीवाल्या काकू होत्या. गल्लीच्या समितीच्या पुढारी त्याच. भर सभेत म्हणाल्या, "संन्याशाला एवढी उंच चिमणी कशाला लागते हो?" सगळे हसले. तोही हसला. तो हसला याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "नवऱ्याशी भांडायला तुला आता सरकारने टेबलही दिलं!"

६ मार्च

साइटवर दिवसभर. पंप व्यवस्थित चाललाय. विहिरींचं पाणी उपसायचं, मोठ्या टाक्यांतल्या कोळशातून गाळायचं, पुन्हा सोडायचं. कारखान्याने हे सगळं स्वखुशीने उभं केलंय, असं फाटकावरचा त्यांचा बोर्ड सांगतो. स्वखुशीने! काकूंनी मॅनेजरच्या टेबलावर विहिरीच्या पाण्याचा ग्लास आपटला होता — "प्या, आणि मग बोला." दोन वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यानंतरची स्वखुशी.

काकूंची लॉन्ड्री कारखान्याच्याही वर, चढ संपतो तिथे. त्यांना स्वतःला पाण्याचा त्रास नाही. पण लेक खालच्या गल्लीत दिलीय. दोन चिमुरडी. सगळ्यात वाईट विहीर लेकीच्याच अंगणात. तळघरातसुद्धा विषाची वाफ चढते, मुलांना तिथे खेळू देत नाही ती. आकडे उतरताहेत पण. हळू, तरी उतरताहेत. आणखी चार-पाच वर्षं पंप असाच चालला तर ती पोरं तळघरात लपाछपी खेळतील.

तो "वरून" म्हणतो. वर आहे काय? एक सलून, शाळेचं मैदान आणि काकू. लॉन्ड्रीत कधी ड्रायक्लीनिंग व्हायचं का, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. "कपडे इथे घ्यायचो, धुऊन यायचे बाहेरून," काकू म्हणाल्या होत्या. विषय संपला.

त्याचं तोंड कायमचं बंद करायचं असेल तर एकच उपाय. वर एक बोअर मारायची. कारखान्याच्या वरची माती स्वच्छ निघाली की "वरून" गेलं उडत.

९ मार्च, रविवार

समितीची बैठक. मी बोअरचं सांगितलं. जागा लॉन्ड्रीच्या मागचं आवार, तिथेच गाडी आत जाईल.

काकू एकदम म्हणाल्या, "मागे कशाला? माझी फुलझाडं आहेत तिथे. मैदानात मारा की."

मैदानात शाळा परवानगी देणार नाही. मी समजावलं. सगळे काकूंकडे बघत होते. शेवटी म्हणाल्या, "मारा बाई. तुम्ही शिकलेल्या."

फुलझाडांवर एवढा जीव! दोन रोपं मी माझ्या खर्चाने आणून देईन.

१३ मार्च

बोअर मारली.

बोअरवाल्याने पहिली नळी वर काढली, मातीचा दंडगोल फळीवर सरकवला. भरावाची माती. मग पिवळट वाळू. काही नाही. मी मजेत होते. मनातल्या मनात त्याला सुनावण्याची वाक्यं जुळवत होते — दोन तर फारच छान जमली होती.

मग खालची नळी आली. चिकणमाती लागली, आणि तिच्या अगदी वरच्या थराला वास आला.

गोड वास. एकदा नाकात बसला की जात नाही. ड्रायक्लीन होऊन आलेल्या कोटाचं प्लॅस्टिक काढताना पूर्वी यायचा ना, तोच. वाफ मोजायचं यंत्र जवळ नेलं तर काटा पार टोकाला.

काकू मागच्या दारात उभ्या होत्या, पदर खोचून. "काय निघालं?"

मी म्हटलं, "बघायचंय अजून."

नमुने बाटल्यांत भरले, झाकणं बोअरवाल्याने लावली.

१४ मार्च

लिहून काढते म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

ड्रायक्लीनिंगचं रसायन पाण्यापेक्षा जड. सांडलं की खाली, आणखी खाली जातं. चिकणमाती लागली की तिच्या पाठीवरून उताराने सरपटतं. कारखान्याच्या पोटाखालून गेलं. आणि वर्षानुवर्षं जमिनीत राहिलं की त्याचे तुकडे पडतात — तुकडे पडल्यावर ते हुबेहूब कारखान्यातल्या रसायनासारखं होतं. विहिरींत सापडला तो तुकडा. मूळ माल इथे, काकूंच्या फुलझाडांखाली.

काकूंच्या नवऱ्याच्या हातून सांडलं असणार. तो जाऊन बरीच वर्षं झाली. "बाहेरून" असं तो घरात सांगत असणार! काकूंना काय माहीत असणार बिचारीला. त्या काउंटरवर, तो मागे.

म्हणजे माझा माजी नवरा बरोबर होता. पहिल्यापासून. "बरोबर" हा शब्द लिहिताना पेन जड झालं!

१८ मार्च

प्रयोगशाळेचे आकडे आले. शंकेला जागा नाही.

बोअर माझी. नमुने माझे. तो तिथे नव्हता. भोकात सिमेंट भरलं आणि गप्प बसले तर कोणाला कळणार आहे? पंप चालू राहील. कारखाना खर्च भरतोय तोवर भरेल. आणि कारखाना काही धुतल्या तांदळासारखा नाही — गळती त्यांच्याकडेही होतीच, थोडी. थोडी! पाहा, आत्तापासूनच वकिलासारखं बोलायला लागले.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला पाणी साफ करायचंय का त्याला हरवायचंय, ते आधी ठरव."

मी म्हटलं, "मला खोटं बोलायचं नाहीये."

"मग बोलू नकोस की. गप्प बसणं कुठे खोटं असतं?"

हिच्याकडून मला तत्त्वांचे धडे मिळाले होते लहानपणी!

१९ मार्च

आधी काकूंना सांगायचं ठरवलं. समितीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागू नये.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माझाच काळा कोट टेबलावर होता, सुनावणीसाठी टाकलेला. मी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. काकू इस्त्री फिरवत राहिल्या. बाही झाली, कॉलर झाली, पुन्हा बाही.

"उद्याच सांगणार?"

"हो काकू."

"थोडं थांबता नाही का यायचं?"

लेकीला आपल्या तोंडाने सांगायचं असेल, म्हणून म्हटलं, दोन दिवस थांबते. त्या नुसत्या हसल्या. "दोन दिवस," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही काकू. त्यांनी बाही पुन्हा इस्त्रीखाली घेतली.

२१ मार्च

सांगितलं.

सुनावणीत तो टेबलापलीकडून ऐकत होता. मी आकडे वाचले, नकाशा दाखवला. आता तोंडभर हसेल असं वाटलं. हसला नाही. मान हलवली — समजूतदारपणे! हसला असता तर परवडलं असतं.

बाहेर जिन्यात गाठून म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं."

"म्हणून तर तू माझ्या जागी नाहीस."

वाक्य चांगलं होतं. जिना उतरेपर्यंत पुरलं.

सत्यासाठी केलं असं सगळ्यांना सांगतेय. इथे तरी खरं लिहावं — उद्या यानेच वर बोअर मारून शोधून काढलं असतं आणि म्हणाला असता, तू लपवलंस. ते मला सहन झालं नसतं.

२८ मार्च

कारखान्याने पंप बंद केला.

एक माणूस आला, खटका दाबला, कुलूप लावलं, गेला. "आमचा संबंध नाही हे आता सिद्ध झालंय, तुमच्याच तज्ज्ञांनी केलंय." कारखान्याकडून गल्लीत येणारे पिण्याच्या पाण्याचे टँकरही उद्यापासून बंद.

मी सरकारी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "ज्याने घाण केली त्याने साफ करायची, हा नियम आहे मॅडम."

"तो माणूस मेलाय साहेब. मागे एक विधवा आणि दोन इस्त्र्या आहेत."

"नियम नियम असतो."

हाच नियम मी व्याख्यानांतून शिकवलाय. फळ्यावर लिहून.

२ एप्रिल

गल्लीत कोणी बोललं नाही माझ्याशी. समितीच्या सेक्रेटरीने दार अर्धं उघडून सांगितलं, "तुमचं काम झालं ना आता?"

काकूंच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी काळा रंग ओतलाय. काल ज्यांनी हार घातले त्यांचीच कामं ही. लेकीने आईला घरात पाऊल टाकायला बंदी केली. नातवंडं पलीकडच्या फुटपाथवरून आजीला हात करत होती, तर तिने धपाटे घालून आत नेलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. गाडीत बसले होते, खाली उतरले नाही.

१० एप्रिल

विहिरींचे नमुने घेतले, कोणी सांगितलं नसताना. आकडे परत चढायला लागलेत.

१५ एप्रिल

पंपाच्या खर्चासाठी चार संस्थांना फोन. तिघांनी "कळवतो" म्हटलं. चौथ्याने विचारलं, कंपनी कोणती? लॉन्ड्री म्हटल्यावर आवाजच मावळला.

त्यालाही फोन केला. होय, त्याला! म्हणाला, "मी काय करू शकतो?" खरंच विचारत होता. मला ओरडायचं होतं. म्हटलं, काही नाही, ठेव.

आई म्हणते, "जेव आधी." जेवले.

२२ एप्रिल

काकू आल्या होत्या. दुकान बंद केलंय, राहिलेले कपडे घरोघर पोचवताहेत. माझा कोट आणला. आत बसल्या नाहीत, दारातूनच.

म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत नव्हतं हे मी सगळ्यांना सांगतेय. लेकीलाही जाऊन सांगते."

"खोटं कशाला सांगताय? बादलीने ओतायचे ते मागे. मी म्हणायची, वास येतो, लांब ओता."

कोट माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "लॉन्ड्री गळतेय म्हणून बोंब मारली असती तर कोण आलं असतं हो पंप घेऊन? पोरीच्या अंगणात विष गेलंय म्हटल्यावर मी कारखान्याचं नाव घेतलं. आला की नाही पंप?"

मग जिना उतरता उतरता, मागे न बघता — "साफ होत होतं ना पाणी?"